तणसातला खळगा

मांजर माझी नव्हती, मायची होती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला मांजरवेडी ठरवील. मला मांजरं फारशी आवडत नाहीत. काम असलं की पायांना घासतात, काम झालं की ओळख दाखवत नाहीत. हे मायला बोलून दाखवलं की ती म्हणायची, माणसं तरी काय वेगळं करतात. अशी वाक्यं तिच्याकडे भरपूर होती आणि ती सगळी माझ्याच वाट्याला यायची.

आमचं घर सानगडीला. मी साकोलीला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, रोज स्कूटीने जाणं-येणं. भाऊ नागपुरात, त्याच्या संसारात. घरात माय, मी आणि मांजर, अशा तिघी. मांजर पाळली ती लाडाकोडासाठी नाही, धानासाठी. आमच्या मधल्या खोलीत धान साठवायची ढोली आहे, बांबूच्या कमच्यांची विणलेली आणि शेणमातीने लिंपलेली, माझ्या खांद्याइतकी उंच. धान घरात आलं की उंदीर मागोमाग येतातच. मांजर तिथे राखणीला होती आणि काम चोख करायची, एवढं कबूल केलं पाहिजे.

ढोलीच्या शेजारच्या कोपऱ्यात माय थंडीत झोपायची. घरात खाट होती, गादी होती, भावाने नागपूरहून जाडजूड रजई आणून दिली होती. पण मळणी झाली की तिला नवं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, लागायचं. कोपऱ्याला आडवी फळी लावायची, आत गुडघाभर धानाचं तणस भरायचं, वर बारदाना आणि त्यावर गोधडी. ही रीत तिने माहेरहून आणली होती. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा काढला तेव्हा तिचं माहेर पलीकडच्या जिल्ह्यात गेलं. त्याचा राग तिला शेवटपर्यंत होता. सरकारने आपल्याला न विचारता आपलं माहेर उचलून नेलं, असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि मग म्हणायची, तणस तेवढं माझ्याजवळ राहिलं.

तणस माणसाचा आकार धरून ठेवतं. माय डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. थंडी अर्धी सरेपर्यंत तिथे तिच्या अंगाचा खळगा पडायचा, विळ्यासारखा वाकडा. आणि गुडघ्यांच्या वळणात आणखी एक लहानसा खळगा, तो मांजरीचा. सकाळी गोधडी उचलून झटकताना दोन्ही दिसायचे. गंमत म्हणजे मीही तशीच झोपते आणि त्यासाठी लहानपणापासून तिची बोलणी खात आले. "पाय सरळ कर वो बाई, इळ्यावानी काहून झोपून राहिली," म्हणत ती माझे पाय धरून ओढायची. स्वतः मात्र जन्मभर इळाच.

या रीतीला शेवटही ठरलेला होता. फाल्गुन सरता सरता मोह पडू लागला की तणस घराबाहेर. आमच्या बांधावर मोहाचं एक जुनं झाड आहे. फुलं पडायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे फुलं वेचता येतात. माय थंडीभर वापरलेलं तणस भारे बांधून तिथे न्यायची आणि पाचोळ्याबरोबर पेटवून द्यायची. मोह पडल्यावर तणसावर अंग टाकू नये, एवढंच कारण ती द्यायची. का टाकू नये, हे विचारलं तर म्हणायची, नाही टाकत. मी ऑफिसात कॉम्प्युटर चालवणारी बाई. मला ते तिच्या अनेक जुन्या समजुतींपैकी एक वाटायचं.

माय पौषात गेली. साधा वाटणारा ताप छातीत उतरला, साकोलीहून भंडाऱ्याला नेलं, आणि भंडाऱ्याहून तिला आणलं ते झाकूनच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिची लुगडी नात्यातल्या बायांनी आठवण म्हणून नेली. निघायच्या आधी भाऊ म्हणाला, हा कोपराही साफ करून टाकू. त्याने गोधडीची घडी घातलीसुद्धा. मी म्हटलं, राहू दे, आणि ती घडी उलगडून गोधडी होती तशी अंथरली. त्याला गाडी पकडायची होती. तो निघाला.

मग आम्ही दोघीच उरलो. काही दिवसांतच मांजर आपल्या लहान खळग्यातून उठून मायच्या मोठ्या खळग्यात झोपू लागली. मी ऑफिसातून आले, ते पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसून रडले. तोवर मला नीट रडताच आलं नव्हतं. आल्यागेल्यांना चहा द्या, सतरंज्या मोजून परत करा, यातच सगळं आटोपलं होतं. माझी खरी सोबत त्या दिवसापासून मांजरच झाली, हे मला आवडलं नाही, पण झालं.

मोह पडला. त्या वर्षी फुलं वेचायला मी शेजारच्या मावशींना सांगितलं. मावशी म्हणजे मायची मैत्रीण, भिंतीला भिंत लागून घर. पाचोळा पेटवायला निघताना त्यांनी दारात येऊन विचारलं, तणस द्यायचं आहे का. मी म्हटलं, या वर्षी राहू द्या. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचून निघून गेल्या.

उन्हाळ्यात मांजर चाटू लागली. मांजर चाटतेच, त्यात काय, असं मलाही आधी वाटलं. पण हे चाटणं वेगळं होतं. जेवता जेवता उठून ती पोट चाटायला बसायची. झोपेतून दचकून उठायची आणि शेपटीच्या मुळाशी दात लावून कुरतडायची. जिभेचा तो खरखर आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. महिन्याभरात पोटावरचे केस गेले आणि खाली गुलाबी कातडी उघडी पडली. मानेवरून हात फिरवला की बोटांना खपल्या लागायच्या, बारीक बारीक, मोहरी सांडल्यासारख्या. एखादी निघाली की खालून रक्त.

मावशींनी तिला उलटीपालटी करून पाहिली आणि निदान केलं. "मांजर रडत नाही बाई, चाटते. मायची याद येऊन राहिली तिले."

हे मला पटलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. भाऊ फोनवर आता पावसाचं आणि पोरांच्या ॲडमिशनचं बोलायचा. ऑफिसातल्या बायांचं दोन महिने जपून बोलून झालं होतं. मायला आठवून कोणाचं तरी अंग सोलवटत आहे, याने मला एक कडवट समाधान वाटायचं. संध्याकाळी मी कोपऱ्याच्या फळीवर बसायची, ती खळग्यात बसून चाटायची. मी तिला म्हणायची, चाट बाई, तुझं तरी बरं आहे.

तिला बरं वाटावं म्हणून मावशींच्या सांगण्यावरून मी करंजीचं तेल लावलं. खपल्यांवर ते आमच्याकडे बैलाला लावतात, बकरीला लावतात, माणसालाही लावतात. बैल स्वतःचं अंग चाटून पुसून काढत नाही, हे तेव्हा आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही. मांजरीने तेल लावल्या लावल्या चाटायला घेतलं. तोंडाला फेस आला, तिने ओकारी काढली आणि दोन दिवस ढोलीमागून बाहेर आली नाही. मग मी माझ्या जुन्या कुर्त्याची बाही कापून तिला अंगरखा केला, पोट झाकावं म्हणून. पाय घालायला भोकं ठेवली होती. सकाळी बाही अंगणात आणि मांजर खळग्यात, चाटत.

पावसाळा लागला तशी ती खंगली. दुधाला तोंड लावेना. ढोलीत उंदरांनी भोक पाडलं तरी तिने मान वळवली नाही. पाठीचा कणा हाताला लागू लागला. एका सकाळी गोधडीवर रक्ताचे ठिपके दिसले आणि मी घाबरले. ही गेली तर या घरात मायला ओळखणारं माझ्याशिवाय कोणी उरणार नव्हतं. मला मांजरं आवडत नाहीत, पण ही मला जिवंत पाहिजे होती.

कोंबड्या झाकायच्या टोपलीत तिला घातलं, वर दुसरी टोपली बांधली आणि स्कूटीवर पायांशी ठेवून साकोलीला निघाले. रस्ताभर ती अशी ओरडत होती की शेतात रोवणी करणाऱ्या बाया कमरा सरळ करून पाहू लागल्या. ढोरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे एक गाय, दोन बकऱ्या आणि लंगडणारा गोऱ्हा. गाईवाले बाबा टोपलीत डोकावून म्हणाले, हिच्यापासून दूध किती निघते. मी म्हटलं, तुमच्या गाईपेक्षा कमी खाते. मग ते हसले आणि त्यांनी मला आधी आत जाऊ दिलं.

डॉक्टर तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. मी त्यांना सगळं सांगितलं, मायच्या आजारापासून. ते ऐकत होते आणि बारीक दातांचा कंगवा मांजरीच्या पाठीवरून फिरवत होते. कंगव्यातून काळे कण निघाले. मला वाटलं धूळ असेल. त्यांनी ते कण ओल्या कापसावर टाकले. थोड्या वेळाने कापूस कणांभोवती तांबूस झाला.

"मॅडम, ही दुःखात नाहीये," ते म्हणाले. "हिला पिसवा झाल्यात. हे तिचंच रक्त आहे, पिसवांनी पिऊन विष्ठेतून टाकलेलं."

काही मांजरींना पिसवांचं फार वावडं असतं, थोड्या चावल्या तरी सगळं अंग पेटतं, आणि मग त्या चाटून चाटून स्वतःला सोलून काढतात, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, तुम्हाला नाही चावत का. मी खाली पाहिलं. माझ्या घोट्यांवर लाल पुरळ होतं. उन्हाळ्यापासून त्याला मी घामोळं म्हणत होते.

मला राग आला. पिसवांचा नाही, डॉक्टरांचा. इतके दिवस ज्याला मी दोघींचं मिळून एक दुःख समजत होते, ते त्यांनी कापसाच्या बोळ्यावर दाखवून टाकलं होतं. म्हणजे ती नुसती खाजवत होती. म्हणजे मी एकटीच होते.

त्यांनी मानेवर, जीभ पोचत नाही तिथे टाकायचं औषध दिलं, जखमेसाठी एक इंजेक्शन टोचलं. तेल लावू नका, कुत्र्याची पावडर तर मुळीच नको, मांजरीच्या अंगाला लावलं ते तिच्या पोटात जातं, असं बजावलं. आणि शेवटी विचारलं, झोपते कुठे. मी म्हटलं, तणसात. किती दिवसांचं आहे? मी म्हटलं, मागच्या मळणीचं. ते म्हणाले, मग अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या तिथे आहेत. ते सगळं काढून जाळा, अंथरूण उकळा, कोपरा धुवा. नाहीतर औषध वाया.

मी घरी येऊन सगळं केलं, एक सोडून. गोधडी हंड्यात उकळली. चुलीवर ती उकळत असताना तिच्यातून मायच्या डोक्याच्या तेलाचा वास खोलीभर आला आणि मग गेला, तो गेलाच. बारदाना फेकला. घर झाडलं, ढोलीखालपर्यंत. तणसाला मात्र हात लावला नाही. स्वतःशी म्हटलं, वरून औषध फवारते, ऊन दाखवते, बघू. पावसाळ्यात मधल्या खोलीत ऊन कुठून येणार, हे मलाही ठाऊक होतं.

पंधरवडाभर मांजर सुधारली. खपल्या वाळल्या, दूध पिऊ लागली, मला वाटलं जिंकले. मग एका दुपारी पुन्हा तोच खरखर आवाज. या वेळी तिने मांडीच्या आत चाटून असा चट्टा पाडला की मांस दिसत होतं. पुन्हा टोपली, पुन्हा स्कूटी. डॉक्टरांनी एकच विचारलं, तणस काढलं? मी नकारार्थी मान हलवली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की आता अंगात रक्त कमी आहे, आणखी एकदा असं झालं तर सावरणं कठीण.

त्या संध्याकाळी मावशी येऊन फळीवर बसल्या. मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आणि मग जे कोणालाच बोलले नव्हते तेही सांगितलं, की तणस काढलं तर मायचा खळगा मोडेल. फोटो आहे तिचा भिंतीवर, पण फोटोत ती फोटोसाठी बसलेली आहे. इथे ती झोपलेली होती. असं काहीतरी मी बोलत गेले.

मावशींनी तणसाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझी माय दरसाल आपल्या हातानं मोडत होती वो. जाळून दिलं का मागं वळूनही पाहत नव्हती. तू कायले धरून बसली?"

मला ते आठवलं. मोहाच्या दिवसांतली माय, केसांत तणसाच्या काड्या, फुलं वाया जातील म्हणून घाईत, भारा डोक्यावर आणि मला मागून हाका, फळी उचल, झाडू आण. एवढ्या वर्षांत त्या खळग्याकडे तिने एकदा तरी पाहिलं असेल का? आणि पिसवांचं तिला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. माहीत असेल तर मला सांगायला काय झालं होतं. मी मनात तिच्याशी भांडले, पुष्कळ दिवसांनी, आणि भांडताना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पावसाने उघाड दिली होती. मोडायच्या आधी मी खळग्यात हात ठेवून पाहिला, खांद्याच्या जागी, मग कमरेच्या. मग दोन्ही हातांनी ओढलं. तणस ओढलं की त्याला आकार राहत नाही, एका ओढीत सगळं सारखं झालं. मावशी भारे बांधू लागल्या आणि आम्ही दोघींनी ते मोहाखाली नेले. जमीन ओली होती, पण घरातलं तणस कोरडं ठणठणीत. काडी लावली तसं भडकलं. धूर झाडाच्या फांद्यांत अडकून राहिला आणि मी धुराच्या निमित्ताने डोळे पुसले. मावशी काठीने ढीग उलटवत होत्या. त्यांचेही डोळे गळत होते, पण त्यांनी निमित्त केलं नाही.

घरी आले तर मांजर रिकाम्या कोपऱ्यात होती. निघताना धुतलेल्या, अजून ओल्या फरशीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर, नेमकी मायच्या जागेवर बसून ती जमीन हुंगत होती. बराच वेळ हुंगली. मग माझ्याकडे तोंड वर करून ओरडली. मी तिला उचलून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणून दोघीही अवघडलो.

हळूहळू ती बरी झाली. धान पोटरीला आलं तेव्हा पोटावर मऊ लव आली होती. कापणीपर्यंत केस भरले, फक्त मांडीवरचा चट्टा थोडा फिका राहिला. उंदरांची पुन्हा धांदल उडाली. फोनवर भावाला सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं, आणि मग थांबून म्हणाला, कोपऱ्यात आता काय ठेवलंस? मी म्हटलं, काही नाही. त्याने फोन लगेच ठेवला नाही.

मळणी झाली. मी फळी लावली आणि नवं तणस भरलं. कोणी विचारलं असतं तर थंडीचं कारण दिलं असतं, पण कोणी विचारलं नाही. नवा बारदाना टाकला, उकळलेली गोधडी अंथरली आणि खाट सोडून तिथे झोपू लागले. आधी तणस टोचायचं, काड्यांची सळसळ व्हायची, झोप लागत नव्हती. मांजर फळीवर बसून पाहत राहायची. थंडी वाढली तशी कधीतरी आत उतरली.

पौषातल्या एका सकाळी उठून मी गोधडी झटकायला उचलली, बारदाना सरळ केला आणि तिथेच थांबले. तणसात खळगा पडला होता. डाव्या कुशीचा, विळ्यासारखा वाकडा. आणि गुडघ्यांच्या वळणात एक लहान, अजून उबदार. मांजर चुलीपाशी जाऊन पाय ताणत होती. मी किती वेळ उभी होते कोण जाणे, त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचले.

मोह पडला तेव्हा भारे मीच बांधले. मावशींना म्हटलं, चला, पाचोळा पेटवू. मोहाखाली तणस जाळलं, जमीन साफ झाली, आम्ही टोपल्या घेऊन घरी निघालो. माय मागे वळून पाहत नसे. मी पाहिलं.